एफआर-४ वरचा २८ गिगाहर्ट्झ पॅच: एस-११ झकास, मग गेन कुठे गेला?

तुम्ही दिलेली माहिती अशी: नेहमीचा १.६ मिमी जाडीचा एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीचा स्वस्त सर्किट बोर्ड), त्यावर २८ गिगाहर्ट्झचा पॅच (तांब्याच्या चौकोनी तुकड्याचा अँटेना), त्याला सिग्नल पोचवणारी ५ सेंमीची फीड लाइन, केबल जोडायला साधा एसएमए कनेक्टर. एस-११ (म्हणजे पाठवलेल्यातला किती सिग्नल परत फिरतो ते माप; जितकं कमी तितकं चांगलं) २४ ते ३० गिगाहर्ट्झ सलग −१० डीबीच्या खाली, पण मोजणीसाठी समोर ठेवलेल्या हॉर्न अँटेनाला जवळपास काहीच मिळत नाही.

तो एस-११ पॅचचा नाहीच, फीड लाइनचा आहे. एफआर-४ चा लॉस टँजंट (मटेरियल किती सिग्नल खातं त्याचं माप) ०.०२ च्या आसपास. त्यामुळे २८ गिगाहर्ट्झला नुसत्या डायइलेक्ट्रिकमध्येच (तांब्याखालच्या इन्सुलेटर थरात) सेंटिमीटरमागे सुमारे ०.८ डीबी जातात. ५ सेंमी जायचं आणि तेवढंच परत यायचं, म्हणजे ८ डीबी झाले. तांब्याचा आणि कनेक्टरचा लॉस त्यात धरला की टोकाला पॅच असो वा नसो, −१० दिसणारच. खात्री करायची असेल तर व्हीएनए (एस-११ मोजणारं यंत्र) चालू असताना पॅचवर बोट ठेवा. आलेख जागचा हलला नाही, तर पॅचपर्यंत फारसं काही पोचतच नाहीये. एरवी साध्या पातळ पॅचची बँडविड्थ दोन-तीन टक्के असते. सहा गिगाहर्ट्झ दिसली तर आधी लॉस शोधायचा, पेपर नंतर लिहायचा.

जाडीनेही घात केलाय. १.६ मिमीवर ५० ओहमची लाइन सुमारे ३ मिमी रुंद होते आणि पॅचची रुंदी येते ३.३ मिमी! लाइन कुठे संपते आणि पॅच कुठे सुरू होतो, काही फरकच उरत नाही. शिवाय एवढ्या जाडीत बरीच ऊर्जा हवेत जाण्याऐवजी सरफेस वेव्ह होऊन, म्हणजे बोर्डातूनच सरकत, कडेला निघून जाते. साधारण २५ गिगाहर्ट्झच्या वर तर दुसरी सरफेस वेव्हही सुरू होते.

एफआर-४ ऐवजी आरटी/ड्युरॉइड ५८८० हा कमी लॉसचा बोर्ड घ्या: ०.२५४ मिमी, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट २.२, लॉस टँजंट ०.०००९. सूत्रांनी पॅचची रुंदी ४.२४ मिमी, लांबी ३.४७ मिमी आणि ५० ओहमची लाइन ०.७८ मिमी येते. इनसेट (जुळणीसाठी लाइन पॅचच्या आत जिथवर नेतात ती खाच) १.२ मिमीपासून सुरू करून सिम्युलेशनमध्ये जुळवा. क्वार्टर-वेव्ह ट्रान्सफॉर्मरच्या (जुळणीसाठी मध्ये घातलेल्या पाव तरंगलांबीच्या लाइनच्या) नादी लागू नका. तिथे लाइन ०.२ मिमीहून बारीक होते आणि एचिंगमध्ये (रसायनाने नको असलेलं तांबं काढताना) हमखास बिघडते. हे मटेरियल टेफ्लॉनचं असल्याने मऊ असतं, कनेक्टरचे स्क्रू आवळताना वाकतं, म्हणून खाली पितळेची पट्टी द्या.

खरी डोकेदुखी एचिंगची. लांबी ०.०५ मिमीने चुकली की रेझोनन्स (पॅच ज्या फ्रिक्वेन्सीला नीट चालतो ती) सुमारे ३७० मेगाहर्ट्झ सरकतो आणि तुमची पूर्ण बँडविड्थच साधारण ७५० मेगाहर्ट्झ आहे. जास्त एच झालं तर पॅच आखूड होतो, फ्रिक्वेन्सी वर जाते. त्यामुळे एकाच पॅनेलवर तीन पॅच टाका: ठरलेली लांबी, ०.०५ ने कमी आणि ०.०५ ने जास्त. पॅच आणि लाइनवर सोल्डर मास्क (बोर्डावरचा हिरवा लेप) नको. फिनिश, म्हणजे तांब्यावरचा संरक्षक मुलामा, इमर्शन सिल्व्हर (चांदीचा) सांगा. सोन्याच्या फिनिशखाली निकेलचा थर असतो आणि २८ गिगाहर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थ (करंट पृष्ठभागापासून जेवढ्या खोलीत वाहतो ती) जेमतेम ०.४ मायक्रॉन, त्यामुळे ट्रेसच्या कडांचा करंट निकेलमधून वाहतो आणि लॉस वाढतो.

साधा एसएमए बहुतेक वेळा १८ गिगाहर्ट्झपर्यंतचाच असतो. ४० पर्यंत चालणारा २.९२ मिमी एंड-लाँच (बोर्डाच्या कडेला बसणारा) कनेक्टर घ्या. तो पॅचपेक्षा मोठा असतो, म्हणून मध्ये २०-२५ मिमी लाइन ठेवा आणि पॅटर्न (अँटेना कुठल्या दिशेला किती सिग्नल पाठवतो तो आलेख) मोजताना कनेक्टरवर लहरी शोषणारा अ‍ॅब्सॉर्बर लावा, नाहीतर पॅटर्नमध्ये रिपल (चढउतार) येईल.

आणि प्रोजेक्टच्या नावात ‘भारतातील ५जी’ असेल तर २८ चा हट्ट का? २०२२ च्या लिलावात आपल्याकडे विकला गेला तो २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झचा पट्टा. त्याच्या मध्यावर, २५.९ च्या आसपास, याच बोर्डवर लांबी ३.७७ मिमी येते. मात्र हा अख्खा पट्टा साध्या पॅचने झाकला जाणार नाही. त्यासाठी वर दुसरा पॅच ठेवून स्टॅक्ड रचना करावी लागेल.