पावसाळ्यात कुत्र्याला फिरवताना

मुंबईतल्या आरे किंवा ठाण्यातल्या येऊरच्या बाजूला फिरवत असाल तर सापांपासून जपा, लांब सुटणारा पट्टा घरीच ठेवा. चार-पाच फुटांचा साधा पट्टा पुरे, आणि कुत्रा वाटेच्या मधोमध चालू द्या. सापाचे बहुतेक दंश तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर होतात, कारण तो गवतात, विटांच्या ढिगात नाक खुपसतो. अंधार पडल्यावर टॉर्च हवाच. मण्यार रात्रीच फिरते.

दंश झाला तर त्याला चालवू नका, उचलून न्या. गळ्यातला पट्टा लगेच काढा, सूज मानेवर उतरली की तोच आवळतो. दोरी बांधणं, चिरा देणं, बर्फ लावणं, काही नको. माणसांची वेदनाशामक गोळी तर अजिबात नको.

घोणस चावली की सूज झपाट्याने चढते, रक्त थांबत नाही. मण्यारीच्या दंशाला सूज जवळजवळ नसते, म्हणून लोक घरीच थांबतात आणि जीव जातो. मागचे पाय लटपटले, पापण्या उतरल्या तर निघाच.

प्रतिविष कोणत्या दवाखान्यात आहे, रात्री कोण उघडं असतं, हे आजच फोन करून विचारून ठेवा. साप पकडायला जाऊ नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक.