चौदा नंबरचं खोकं

“मॅडम, घरी तो अखंड बडबडतो. शाळेत मात्र चार महिन्यांत एक शब्द बोललेला नाही. आम्ही घरीसुद्धा इथल्याच भाषेत बोलायला लागू का?”

आईचा हा पहिलाच प्रश्न. वडील सैन्यात अधिकारी, परदेशातली नेमणूक, मुलगा नऊ वर्षांचा आणि ही त्याची चौथी शाळा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी समुपदेशक आहे; अशा नेमणुकीवर गेलेले आईवडील मला हे बरेचदा विचारतात. त्यात काळजी असतेच, पण अपराधीपणा त्याहून जास्त असतो. आपल्या नोकरीपायी पोराचे हाल होताहेत, असं त्यांना वाटत राहतं.

घरची भाषा बंद करू नका, हे मी लगेच सांगितलं. नव्या भाषेत जाऊन पडलेली बरीच मुलं आधी नुसती ऐकतात. हा मूक काळ काही आठवडे, कधी काही महिनेही चालतो. मनातलं नीट सांगता येईल अशी या मुलाकडे एकच जागा होती, घर. तिथली भाषाही काढून घेतली असती, तर त्याने बोलायचं कुठे?

‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ (घरी बोलणारं मूल शाळेसारख्या ठिकाणी मात्र बोलू शकत नाही, असा चिंतेचा विकार) हे नाव आईने कुठेतरी वाचलं होतं आणि त्याने तिची झोप उडाली होती. त्या निदानासाठी हे न बोलणं किमान महिनाभर टिकावं लागतं, आणि शाळेचा पहिला महिना मोजत नाहीत. पण त्यातली आणखी एक अट वाचायची राहून जाते: भाषाच येत नाही म्हणून मूल गप्प असेल, तर ते हे निदान नव्हे. हे ऐकून ती पहिल्यांदा जरा सैलावली.

मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. पुढच्या वेळी मुलाशी व्हिडिओवर बोलताना त्याच्या मागे चिकटपट्टी लावलेलं एक खोकं दिसलं. वर मोठा आकडा, 14. सैन्यातली कुटुंबं सामानाच्या खोक्यांवर आकडे घालून यादी करतात, त्यातलंच एक.

“त्यात काय आहे रे?”

“माझी खेळणी.”

“उघडलं नाहीस?”

“उघडलं की परत भरावं लागतं.”

शेजारी बसलेली आई गप्पच झाली. हळूहळू बाकीचं कळत गेलं. मागच्या ठिकाणाहून ते शाळेच्या सुट्टीतच निघाले होते. जिवलग मित्राला भेटणं राहून गेलं. वडील मोहिमेवर निघताना पहाटे, तो झोपेत असतानाच जात. त्याला रडू येऊ नये, हा त्यामागचा हेतू. मुलाने यातून एवढंच घेतलं होतं की माणसं न सांगता नाहीशी होतात.

लहानपणी देश बदलत वाढणाऱ्या मुलांना ‘थर्ड कल्चर किड्स’ म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रूथ हिल यूसीम यांना 1950 च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना ही संज्ञा सुचली. अशा मुलांच्या कणखरपणाचं कौतुक होतं. मला ते कौतुक अर्धवट वाटतं, कारण मित्र तोडून आलेलं मूल पुन्हा मित्र करायला कचरतं, आणि आपण त्यालाच समजूतदार म्हणतो.

आम्ही केलं ते साधंच होतं. जुन्या मित्राला त्याने स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला. उशिरा का होईना, निरोप झाला. वडिलांनी निघण्याचा दिवस त्याला आधी सांगायचा आणि जागं करून जायचं, असं ठरलं. त्यांना ते फार जड गेलं. शाळेतल्या बाईंनी मान हलवून किंवा चित्र काढून दिलेलं उत्तरही चालवून घेतलं आणि त्याला एका शांत मुलाशेजारी बसवलं. आणि आईने रोज संध्याकाळचा “आज बोललास का?” हा प्रश्न सोडला. मूल घरीही बोलेनासं झालं, झोप-जेवण बिघडलं किंवा भाषा समजू लागल्यावरही गप्पच राहिलं, तर बालमानसतज्ज्ञांकडे जायचं, हेही तेव्हाच बोलून ठेवलं.

सातव्या आठवड्यात बाईंचा निरोप आला. रांगेत कुणीतरी मध्ये घुसत होतं, तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, “थांब!”

खोकं त्यानंतर कधीतरी उघडलं गेलं. अर्धं सामान अजून आतच आहे. आई त्याबद्दल काही विचारत नाही.