मधुमेह खरंच वाढलाय की तपासण्या वाढल्याने आकडे फुगलेत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. जगभर मधुमेह वाढला म्हणतात तो खरंच वाढला की तपासण्या वाढल्यामुळे तसं दिसतंय. आणि तुमची उपाशीपोटीची साखर ९८ आली, वजनही बेताचंच आहे, मग तुम्ही सुटलात का. पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो, कारण माझ्यासारख्या लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला दुसरा प्रश्न जास्त झोंबतो.

वाढलाय. २०२४मध्ये एनसीडी-रिस्क या जगभरच्या संशोधकांच्या गटाने हिशेब मांडला: १९९०मध्ये मधुमेह असलेले प्रौढ सुमारे २० कोटी होते, २०२२मध्ये ८२.८ कोटी. लोकसंख्या वाढली, माणसं जास्त जगू लागली, हे त्यात आहेच. पण वयाचा फरक वजा केला तरी प्रमाण ७ टक्क्यांवरून १४वर गेलंय. हे आकडे दवाखान्याच्या नोंदवहीतून आलेले नाहीत. पाहणीसाठी माणसं निवडायची आणि आजार असो-नसो त्यांची साखर मोजायची, असं ते काम आहे. त्यामुळे दवाखान्यात तपासण्या वाढल्या म्हणून हा आकडा फुगत नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे देशभराचे आकडे २०२३मध्ये आले: मधुमेह असलेले १०.१ कोटी, आणि सगळ्यांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के.

तुमच्या शंकेत एक खरी गोष्ट आहे. १९९७मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आणि १९९९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपाशीपोटीची मर्यादा १४०वरून १२६वर आणली, तेव्हा बरीच माणसं कागदावर एका दिवसात मधुमेही झाली. पण वरच्या हिशेबात सगळ्या वर्षांना एकच फूटपट्टी लावलेली आहे.

आता तुमचे ९८. रोजच्या तपासण्यांत मधुमेह फुगत नाही, उलट निसटतो, आणि बऱ्याचदा तो ट्यूबमध्येच निसटतो.

रक्त शरीराबाहेर आलं तरी तांबड्या पेशी जिवंत असतात आणि समोरचं ग्लुकोज खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते, उन्हाळ्यात जास्तच. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची फ्लोराइड ट्यूब. ती वापरली की साखर जराही घटत नाही, हाच सगळ्यांचा गैरसमज आहे. ग्लुकोज मोडण्याच्या दहा पायऱ्या असतात आणि फ्लोराइड अडवतं ती नववी. पाटाचं शेवटचं दार बंद केलं तरी पाट तुडुंब भरेपर्यंत विहिरीतून पाणी उपसलं जातंच, तसं वरच्या पायऱ्या ग्लुकोज ओढत राहतात. पहिल्या दोन तासांत साधारण पाच टक्के साखर अशीच जाते.

आता सकाळचं होम कलेक्शन डोळ्यांसमोर आणा. सातला पहिल्या घरी रक्त घेतलं, मग आणखी पाच घरं, ट्यूब स्कूटरच्या डिकीत किंवा पाठीवरच्या बॅगेत, आणि साडेनऊला लॅब. तुमच्या शरीरात १०४ असेल तर रिपोर्टवर ९८-९९ छापून येतं. शेजारच्या काकांची १२८ असेल तर १२१-१२२ येते, आणि मधुमेही माणूस 'बॉर्डरलाइन' म्हणून दोन वर्षं गोड हसत फिरतो. ही चूक बहुतेक वेळा एकाच दिशेने, खालीच होते. म्हणून ती कोणाला खटकत नाही. चांगल्या रिपोर्टबद्दल तक्रार घेऊन कोण येतं?

बरोबर पद्धत अवघड नाही. रक्त खुणेपर्यंत भरायचं, ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची. खळखळा हलवलं तर पेशी फुटतात. मग अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूजला (ट्यूब वेगाने फिरवून पेशी तळाला बसवणारं यंत्र) फिरवून प्लाझ्मा, म्हणजे वरचं पाणी, वेगळा करायचा. ते जमत नसेल तर तोवर ट्यूब बर्फ आणि पाणी एकत्र असलेल्या डब्यात उभी ठेवायची. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवलेली ट्यूब सगळीकडून सारखी गार होत नाही. याहून चांगली सोय म्हणजे सायट्रेट असलेली ट्यूब. तिच्यातल्या आम्लामुळे सुरुवातीच्या पायऱ्याच लगेच थांबतात. महाग पडते म्हणून बऱ्याच ठिकाणी ती ठेवत नाहीत.

“फ्लोराइड आहे ना, मग संध्याकाळपर्यंत काही होत नाही,” हे वाक्य मी आजवर इतक्या जणांकडून ऐकलंय की ते इथेच निकालात काढतो. चार तासांनंतर साखर स्थिर राहते हे खरं आहे. पण ती घसरून मग स्थिर झालेली असते. स्थिर म्हणजे बरोबर नव्हे.

दुसरा घोळ पीपीचा, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेचा. त्या दिवशी माणूस मुद्दाम दोन पोळ्या कमी खातो, भात टाळतो, आणि पीपी छान येते. किती खाल्लं हेच ठरलेलं नसेल तर त्या आकड्यावरून निदान होत नाही. निदानासाठी जीटीटी, म्हणजे ठरलेलं ग्लुकोज पाजून केलेली तपासणी: ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज २५०-३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत प्यायचं. दुकानातली पावडर बहुधा पाण्याचा अंश असलेली असते, तिची ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. चमच्याने अंदाज करू नये. दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे, बसून राहायचं, आणि आधीचे तीन दिवस नेहमीचं जेवण घ्यायचं. त्या तीन दिवसांत उपवास केलात तर निकाल उगाच वर जातो. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे धोक्याची पायरी, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी छान आणि इथे पकडलेले बरेच जण असतात.

एचबीएवनसीला (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, टक्क्यांत) उपाशी राहावं लागत नाही आणि ट्यूबमधली ही घसरणही तिला लागत नाही. ५.७ ते ६.४ मधली पायरी, ६.५पासून मधुमेह. पण लोहाच्या कमतरतेने ती खोटी वर जाते, आणि आपल्याकडच्या बायकांत ती कमतरता भरपूर. सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी लवकर मरतात म्हणून ती खोटी खाली येते. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या डॉक्टरांनी हे धरूनच ती वाचावी. घरचं ग्लुकोमीटर निदानासाठी नाही. त्याला पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतं, आणि आंबा सोलून हात न धुता बोट टोचलं तर आंब्याचीच साखर मोजली जाते.

वजन बेताचं असल्याचा दिलासा घेऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये स्वतःचीच मापं छापली: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८०च्या वर असेल तर ९८वर विसंबू नका.

तुम्ही एवढंच करा: लॅबमध्ये स्वतः जा, घरी बोलावू नका. ट्यूब किती वेळात फिरवणार हे काउंटरवर विचारा. उपाशीपोटीची साखर, जीटीटी आणि एचबीएवनसी एकदाच करून घ्या, हिमोग्लोबिनही त्याच सुईत. दोन निकाल एकमेकांशी जुळले नाहीत तर जो वर आहे तो दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. गरोदर बाईसाठी हे आकडे लागू नाहीत, तिच्या मर्यादा वेगळ्या आणि कडक असतात. आणि सारखी तहान, रात्री चार-चारदा लघवी, वजन उतरणं असं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे जा.