एड्स सोडून बाकीच्या आजारांचं काय?

प्रश्न: ताई, मी चोपडा तालुक्यात अकरावी-बारावीला शिकवतो. पोरांना नाव न टाकता चिठ्ठ्या लिहायला लावल्या तर बहुतेकांना एड्सशिवाय दुसरा गुप्तरोगच माहीत नाही, एकाने लिहिलं हे रोग वाईट चालीच्या बायांमुळे होतात, एका पोरीने विचारलं मच्छर चावून एचआयव्ही, म्हणजे एड्सच्या विषाणूची लागण, होतो का. काय सांगू?

उत्तर: सर, चिठ्ठ्यांचं फार चांगलं केलंत, हात वर करून कोणी बोललंच नसतं. त्या पोरीला आधी सांगा, मच्छर चावून, एका ताटात जेवून, हात मिळवून एचआयव्ही होत नाही. मग सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया ही नावं फळ्यावर लिहाच, कारण हे तिन्ही औषधाने बरे होतात पण बऱ्याचदा लक्षणंच दिसत नाहीत, विशेषतः मुलींमध्ये, म्हणून माणूस बिनधास्त राहतो आणि पुढे मूल होण्यात अडचण येते. एचआयव्ही मुळापासून जात नाही, पण रोज गोळ्या घेतल्या तर माणूस वर्षानुवर्षं चांगला जगतो.

बायांवर खापर फोडणारी चिठ्ठी मला जास्त टोचली. जंतू बाई की पुरुष बघत नाही, आणि असं बोललं की पोरगी त्रास झाला तरी आईलाही सांगत नाही. कंडोमचं नाव घ्यायला लाजू नका. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव गुप्त ठेवतात. १०९७ हा एचआयव्ही-एड्सच्या माहितीचा टोल फ्री नंबर पण फळ्यावर लिहून ठेवा, पुसू नका.