आप्रवासी घाट की अप्रवासी घाट?

प्रश्न असा आलाय की मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरावरच्या त्या जागतिक वारसा स्थळाचं नाव कुठे 'आप्रवासी घाट' लिहितात, कुठे 'अप्रवासी घाट', तर बरोबर काय? बरोबर 'आप्रवासी'च, आणि कृपा करून याला शुद्धलेखनाची बारीक चूक समजू नका, एका कान्यावाचून अर्थच उलटा होतो.

'अ' लागला की नकार, म्हणजे अप्रवासी = जो प्रवासी नाहीच! आता २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' बोटीतून ३६ मजूर कलकत्त्याहून कित्येक आठवडे समुद्रात काढून तिथे उतरले, त्यांना प्रवासी नाही कसं म्हणायचं? 'आ' मात्र दिशा फिरवतो, गमन म्हणजे जाणं पण आगमन म्हणजे येणं, तसंच आयात. त्यामुळे आप्रवासी म्हणजे बाहेरून इकडे आलेला, आणि इथून बाहेर गेला तो उत्प्रवासी. माणूस तोच, आपण कुठल्या किनाऱ्यावर उभे राहून बघतोय त्यावर शब्द ठरतो.

मॉरिशसला हा शब्द फार चपखल बसतो कारण त्या बेटावर मूळ रहिवासी असे कुणी नव्हतेच, डच, फ्रेंच, इंग्रज, चिनी, भारतीय सगळे बाहेरूनच आलेले. पण मादागास्कर, मोझांबिकहून गुलाम म्हणून आणलेल्यांना मी आप्रवासी म्हणणार नाही, ते आले नाहीत, त्यांना आणलं. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपणार होती आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून करारावर भारतीय मजूर नेले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ ५ लाख. हे मजूर 'अ‍ॅग्रीमेंट'ला 'गिरमिट' म्हणायचे, त्यावरून गिरमिटिया (सुताराचं गिरमिट वेगळं बरं का).

या जागेला आधी 'कुली घाट' म्हणत, १९८७ मध्ये नाव बदललं, आणि २००६ ला युनेस्कोच्या यादीत ती नव्या नावाने गेली. कुली हा मालकाने दिलेला शब्द, तो पुसून मुद्दाम निवडलेलं नाव आपण निदान नीट लिहावं असं मला मनापासून वाटतं.

आणि घाट म्हणजे खंडाळ्यासारखा डोंगरातला नाही हं, नदीला असतो तसा, पायऱ्यांचा. बोटीतून उतरून त्या दगडी पायऱ्या चढायच्या, वर नोंदणी व्हायची, नंबर मिळायचा. मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही त्यात होती.