नोटीस आली, आता जायचं कुठे? (वाचकांचे प्रश्न)

या वेळी आलेली बरीच पत्रं आणि मेसेज एकाच गोष्टीवर आहेत, राहतं घर जायची वेळ आलीय आणि महापालिका नेमकं काय देणं लागते ते कुणी सांगत नाहीये. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि या वेळी मुंबईचेच घेतलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. गिरगावात आमची पागडीची खोली आहे, दुसरा मजला, १८० फूट. गेल्या आठवड्यात जिन्यात ३५४ ची नोटीस चिकटवून गेले. मालक म्हणतो खोली खाली करा, नवी बिल्डिंग झाली की जागा देतो, पण लेखी काही द्यायला तयार नाही. भाडेपावती अजून वडिलांच्या नावावर आहे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. पाणी आणि लाइट तोडणार अशी धमकी पण देतोय. आम्ही रस्त्यावर यायचं का?

काका, घाबरून कुठेही सही करू नका, हे पहिलं. जिन्यातल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून थांबू नका, वॉर्ड ऑफिसात इमारत व कारखाने खात्यात जा आणि नोटिशीची प्रत घ्या. ३५४ हे १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातलं कलम आहे, पण नोटीस आली म्हणजे बिल्डिंग पाडायचीच असं नसतं, तुमची बिल्डिंग कुठल्या वर्गात टाकलीय ते बघावं लागतं. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं आत राहत असतानाच दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ काम. नुसतं ‘नोटीस आली’ ऐकून लोक सामान बांधायला लागतात आणि मालकाला तेच हवं असतं.

सी-१ असेल तर पुढचा प्रश्न, स्ट्रक्चरल ऑडिट कुणी केलं? मालकाने आणलेल्या इंजिनीअरनेच केलं असेल आणि तुम्हा भाडेकरूंना ते पटत नसेल तर सगळ्यांनी वर्गणी काढून दुसऱ्या मान्यताप्राप्त इंजिनीअरकडून ऑडिट करून घ्या. दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध आले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं, सगळे तिला टॅक म्हणतात. ही पद्धत २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने घालून दिलेल्या नियमांतली आहे, तेव्हा ‘असं काही नसतं’ म्हणून कुणी वाटेला लावलं तर ऐकू नका. मुदत मात्र फार थोडी असते, महिनाभर मीटिंगा घेत बसू नका.

पण काका, टॅकनेही सी-१ वरच शिक्का मारला तर मग हट्ट नको, हे मी कळकळीने सांगते. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी बिल्डिंग पडली, ३३ माणसं गेली. त्या बिल्डिंगीतली काही कुटुंबं आधीच ट्रान्झिटला, म्हणजे तात्पुरत्या संक्रमण शिबिरात, गेली होती आणि काही मागे राहिली होती. मागे राहणाऱ्यांना मूर्ख म्हणणं फार सोपं आहे हो, पण गेलं की खोली कायमची गेली ही भीती ज्याच्या पोटात असते तो तडे गेलेल्या भिंतीखाली झोपणं पत्करतो, आणि ती भीती काढणं हे महापालिकेचं काम आहे. माझ्या मते बेघर होणं थांबवायचं असेल तर ते इथेच थांबतं, माणूस खोलीतून बाहेर पडायच्या आधीच्या या थोड्या दिवसांत. नंतर निवारे बांधून ते भरून निघत नाही.

तर खोली सोडायच्या आधी काय करायचं ते ऐका. हायकोर्टाच्या त्याच नियमांत आहे की बिल्डिंग रिकामी करताना महापालिकेने राहणाऱ्यांची यादी आणि प्रत्येकाच्या जागेचं क्षेत्रफळ लिहून ठेवायचं. ही मापं तुमच्या डोळ्यांसमोर घ्यायला लावा, टेप भिंतीपासून भिंतीपर्यंत लागते ना ते बघा, मोरी धरलीय का, पोटमाळा असेल तर त्याची नोंद झालीय का, गॅलरी कॉमन दाखवलीय की तुमच्या खोलीत, हे सगळं त्याच वेळी विचारा आणि सहीशिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. बाजूने स्वतः व्हिडिओ काढा, दारावरचा खोली नंबर आणि मीटर दिसेल असा. पुढे नव्या बिल्डिंगीत ‘तुमची तर १४० फूटच होती’ असं म्हणणारे निघतात, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

बिल्डिंग पाडली म्हणून तुमचं भाडेकरूपण संपत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या निकालात हे स्वच्छ सांगितलंय की पालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क शिल्लक राहतो. वडिलांच्या नावाचं पण टेन्शन घेऊ नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मूळ भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारा घरचा माणूस भाडेकरू धरला जातो, फक्त तुम्ही तेव्हापासून तिथेच राहताय हे दाखवणारं रेशनकार्ड, लाइट बिल, मुलांचे शाळेचे दाखले असं जे असेल ते एका फाइलीत लावा आणि महापालिकेच्या यादीत राहणारा म्हणून तुमचं स्वतःचं नाव घालून घ्या. पाणी-लाइट मालकाला स्वतःच्या मनाने तोडता येत नाही, त्याच कायद्यात २९ वं कलम त्यासाठीच आहे. सी-१ मध्ये महापालिका रीतसर नोटीस देऊन तोडते ती गोष्ट वेगळी.

राहिलं जायचं कुठे ते. मालमत्ता कराच्या बिलात दुरुस्ती उपकर (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतला जाणारा जादा कर) लागलेला दिसतोय का बघा. लागत असेल तर तुमची बिल्डिंग म्हाडाच्या (राज्य सरकारच्या गृहनिर्माण संस्थेच्या) दुरुस्ती मंडळाच्या कक्षेत येते आणि संक्रमण शिबिरात जागा मागता येते, गिरगावातल्या १९६९ च्या आधीच्या बऱ्याच चाळी यात आहेत. शिबिर लांब मिळेल, कदाचित पार उपनगरात, मुलांची शाळा आणि तुमचं काम सगळं विस्कटेल हे मला कळतंय. उपकर नसेल तर महापालिकेकडे पर्यायी जागा लेखी मागा, पोच घ्या, पण मिळेलच असं धरून चालू नका. मला सगळ्यात जास्त राग याच ठिकाणी येतो, घर रिकामं करायचा अधिकार आहे, पोलीस बंदोबस्त मागवायचा अधिकार आहे, आणि त्या संध्याकाळी म्हातारी माणसं कुठे झोपणार याची जबाबदारी कुणाच्याच टेबलावर नाही.

प्रश्न : मी दादरला शाळेत शिकवते. आमच्या शाळेजवळच्या पुलाखाली एक कुटुंब राहतं, तीन मुलं आहेत, मोठी मुलगी आमच्याच शाळेत येते. दर थोड्या दिवसांनी महापालिकेची गाडी येते आणि अंथरूण-भांडी उचलून नेते. त्यांना निवारा केंद्रात का पाठवत नाहीत? आणि लोक तिकडे जायला का तयार नसतात?

बाई, तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं, कारण बहुतेक लोक ‘यांना हटवा’ म्हणूनच तक्रार करतात.

नियम काय आहे तर सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा, तोही चोवीस तास उघडा, असं सांगितलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. त्याच जनगणनेत मुंबईत बेघर म्हणून ५७ हजारांवर माणसं मोजली गेली, आणि पुलाखालचं, गाडीखालचं माणूस रात्री मोजणीत सापडतंच असं नाही. प्रत्यक्षात निवारे त्या सव्वाशेच्या जवळपासही नाहीत. आहेत त्यातले बरेच लहान मुलांचे किंवा नुसते पुरुषांचे. आता सांगा, नवरा एका निवाऱ्यात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या, असं कोण जाईल? तुमच्या त्या मुलीची शाळा दादरला आणि जागा मिळाली पार लांब, तर आई-बाप कामाला कसे पोचणार, दादरच्या फूलबाजारात किंवा भाजीच्या गाड्यांवर काम पहाटे सुरू होतं. म्हणून ‘दिलं तरी जात नाहीत’ हे जे ऐकायला येतं ना ते मला अजिबात पटत नाही. कुटुंबाला एकत्र राहता येईल आणि कामाच्या जवळ असेल असा निवारा द्या, मग बोला.

तुम्ही काय करू शकता ते सांगते. वॉर्ड ऑफिसात समुदाय विकास अधिकारी असतात, त्यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या की मुलगी आमची विद्यार्थिनी आहे, कुटुंबासाठी निवाऱ्याची सोय करा आणि लेखी कळवा. सामान उचललं तर ते कुठल्या गोडाऊनला नेलं आणि परत कसं मिळेल ते त्याच पत्रात विचारा, कारण त्या पोत्यात बहुतेक वेळा आधार कार्ड आणि मुलांची पुस्तकं असतात आणि ती गेली की सगळं पुन्हा शून्यापासून. पोलिसांना मात्र फोन करू नका, आपल्याकडे १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि मदतीसाठी केलेल्या फोनमधून माणूस भिक्षेकरी गृहात जाऊन पडतो. मुलांना तातडीचा धोका वाटला तर १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करा.

अजून एक, त्या आई-बापाचं मतदार यादीत नाव घालायला मदत करा. पत्त्याचा पुरावा नसला तरी चालतं. फॉर्म ६ मध्ये पुलाखालची जागा लिहायची, मग निवडणुकीचा अधिकारी रात्री येऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का, एकापेक्षा जास्त रात्री येतो, आणि मग नाव लागतं. नाव लागलं की नगरसेवकाला ऐकवायचं धाडस वेगळंच येतं.

प्रश्न : कुर्ल्याला नाल्याच्या कडेला आमचं झोपडं आहे, २००६ पासूनचे पुरावे आहेत. नाला रुंदीकरणात जाणार म्हणतात. काही मिळेल का? आणि माहुलला टाकतील अशी भीती वाटतेय.

दादा, १ जानेवारी २००० च्या आधीचं झोपडं असेल तर फुकट घर, आणि २००० ते १ जानेवारी २०११ मधलं असेल तर पैसे भरून, त्यासाठी २०२३ मध्ये अडीच लाख रुपये ठरवलेत. तुम्ही दुसऱ्यात बसता, पण हे झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेचे दर आहेत, महापालिकेच्या प्रकल्पात जाणाऱ्यांची पात्रता वॉर्ड ऑफिस वेगळी ठरवतं, त्यामुळे पात्रता यादीत (लोक परिशिष्ट-२ म्हणतात) नाव आहे का ते आजच बघा. सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल, पाडायच्या आधी १५ दिवसांची नोटीस हवी हा, खूप जण सांगतात, पण त्यात रस्ता, फूटपाथ, रेल्वे लाइन, नदी-पाण्याच्या जागा वगळल्यात, म्हणून नुसतं त्यावर विसंबू नका. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, राहती घरं पाडायची नाहीत हे सरकारचं धोरण आहे, ते मात्र जरूर दाखवा. आणि सुप्रीम कोर्टाच्या १९८५ च्या पदपथवासीयांच्या निकालापासून आधी म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे हे कायम आहे.

माहुलची भीती खोटी नाही. तानसा पाइपलाइनजवळची हजारो कुटुंबं तिथे नेऊन टाकली, बाजूला रिफायनऱ्या, श्वासाचे आणि कातडीचे आजार, शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की लोकांना तिथे जबरदस्तीने पाठवू नका, दुसरी जागा देता येत नसेल तर महिना १५ हजार भाडं आणि ४५ हजार डिपॉझिट द्या. पुढे महापालिकेने तीच घरं आपल्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली तर त्यांनीही फारशी घेतली नाहीत. तुम्हाला माहुल दाखवलं तर नकार लेखी द्या, कारण लिहा, आणि भाड्याचा पर्याय मागा.

प्रश्न : एसआरएचा (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेचा) बिल्डर सात महिने भाडं देत नाही, वॉर्ड ऑफिस म्हणतं आमचा विषय नाही. खरंय का?

खरंय. एसआरएच्या ऑफिसात अर्ज द्या, सगळ्या सभासदांच्या सह्यांनी, भाडं थकवलं म्हणून बिल्डर बदलायची कारवाई झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली होऊ शकते. एकेकट्याने जाऊ नका.

प्रश्न : नगरसेवकाकडे नेमकं मागायचं काय? गटार आणि लाद्या सोडून ते काही बोलतच नाहीत.

मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, म्हणजे घरांचे एवढे मोठे निर्णय झाले आणि सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून आता तरी विचारायला लावा. २०२५-२६ चं मुंबई महापालिकेचं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं, त्यात बेघर निवाऱ्यांना किती आणि खर्च किती झाला हे स्थायी समितीत विचारता येतं. २०३४ च्या विकास आराखड्यात निवाऱ्यांसाठी आरक्षित भूखंड आहेत, तुमच्या वॉर्डातला कुठे आहे आणि त्यावर आज काय उभं आहे हे सुधार समितीत.

आणि प्रभाग समितीत एकच प्रश्न, पण दर महिन्याला. वॉर्डात सी-१ किती बिल्डिंगी रिकाम्या केल्या, त्यातली किती कुटुंबं ट्रान्झिटला गेली, किती भाड्याने गेली आणि किती कुठे गेली ते माहीत नाही. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी दर वर्षी जाहीर होते, पण त्यातल्या माणसांचं पुढे काय झालं याची यादी मी आजवर पाहिलेली नाही. प्रश्न लेखी द्या, बैठकीच्या आधी द्या, पोच घ्या. नगरसेवक टाळत असेल तर तोच मजकूर माहिती अधिकारात टाका, दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. उत्तर आलं की इकडे पाठवा, वॉर्डाच्या नावासकट छापू.