पोलोवर तीन लाख घालावेत, की गाडीच बदलावी?

प्रश्न : वय ३५, राहायला वाकडला, नोकरी चाकणला. फेब्रुवारी २०२१ मध्ये फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल घेतली, ऑन-रोड सव्वादहा लाखांना. कर्ज फिटलं, वॉरंटी संपली, ६२,००० किलोमीटर झाले. रविवारी पहाटे ताम्हिणी घाटात फेरी असते. हातात महिन्याला १ लाख १५ हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता धरून घरखर्च ८०,०००, एसआयपी १२,०००. बचत खात्यात दीड लाख आहेत. यंदा ३ लाख २० हजार बोनस आलाय. त्यातून रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं (४०,०००), डाउनपाइपसकट (टर्बोपासून निघणारा पाइप) एक्झॉस्ट (६५,०००), कॉइलओव्हर, म्हणजे गाडी खाली बसवता येणारं सस्पेन्शन (९०,०००) आणि १७ इंची अलॉय-टायर (१,०५,०००) असं काम करून घ्यायची फार दिवसांची इच्छा आहे. बायको म्हणते, चार वर्षांची मुलगी आहे, ही विक आणि सुरक्षित गाडी घे. पोलोला साडेपाच लाखांची ऑफर आहे. फोक्सवॅगनचीच सेडान व्हर्टस १.० टीएसआय ऑन-रोड १६ लाखांना बसते. मेकॅनिकने पोलोचं ७५,०००चं काम काढलंय : चार टायर ३६,०००, पुढचं सस्पेन्शन २४,०००, पुढच्या डिस्क आणि पॅड १५,०००. काय करू?

उत्तर : गाडी ठेवा. मेकॅनिकचं ७५,०००चं काम या महिन्यातच करून घ्या. तीन लाखांच्या यादीतलं जवळजवळ सगळं खोडा. हौसेसाठी ३०,००० मंजूर, ते कुठे घालायचे ते पुढे सांगतो. बायकोचं म्हणणं मात्र त्या यादीबरोबर खोडू नका. तुमच्या पत्रात सगळ्यात वजनदार मुद्दा तिचाच आहे.

आधी हिशेब. पाच वर्षांत तुमची गाडी सव्वादहा लाखांवरून साडेपाचवर आली. म्हणजे पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग सोडून नुसत्या घसाऱ्याचे महिन्याला आठ हजारांच्या आसपास गेले. गाडीची किंमत सगळ्यात जोरात पडते ती याच काळात, आणि तो मार तुम्ही खाऊन झालाय. आणखी चार वर्षांनी ती तीन लाखांना गेली असं धरू : घसारा अडीच लाख. आत्ताचं काम ७५,०००, मध्ये कधीतरी क्लच ४०,०००, चार सर्व्हिसिंगचे ६०,०००, अचानक निघणाऱ्या कामांना ५०,०००. एकूण पावणेपाच लाख, म्हणजे महिन्याला दहा हजारांच्या जरा आत.

आता व्हर्टस. पोलोचे साडेपाच लाख डाउन पेमेंटला, उरलेल्या साडेदहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं : हप्ता सुमारे २१,८००. चार वर्षांत नुसतं व्याज जवळपास अडीच लाख. १६ लाखांची गाडी चार वर्षांनी ९ लाखांना गेली तर घसारा ७ लाख. विम्याचा वाढीव हप्ता आणि सर्व्हिसिंग मिळून सव्वा-दीड लाख. हे सगळं पावणेअकरा लाखांच्या घरात जातं, महिन्याला साधारण २२,३००. दोन्ही गाड्यांतला फरक चार वर्षांत सहा लाखांचा आहे. चार वर्षांनंतरच्या किमती हा माझा अंदाज, लाखभर इकडेतिकडे करून बघा. निकाल फिरत नाही.

शिवाय हा हप्ता झेपेल का, ते बघा. खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे २३,००० उरतात. त्यातून २१,८०० गेले की महिन्याला बाराशे रुपये शिल्लक, आणि बँकेत दीड लाख, म्हणजे दोन महिन्यांचाही खर्च नाही. बोनस कर्जात वळवला तर हप्ता पंधरा हजारांवर येतो, कबूल; पण मग नोकरीत काही कमीजास्त झालं तर गृहकर्जाचा तिसरा हप्ता कुठून भरणार? तुमचा खरा तुटवडा गाडीचा नाहीच, आपत्कालीन निधीचा आहे.

आणि एवढं करून इंजिनात काय मिळतं? तुमची पोलो ११० पीएस (ताकद), १७५ एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ). व्हर्टस १.० टीएसआय ११५ पीएस, १७८ एनएम. इंजिनाचं कुळ एकच, कारखानाही तोच चाकणचा. रविवारी पहाटे ताम्हिणीला जाणाऱ्या माणसाला साडेदहा लाख मोजून पाच पीएस मिळणार असतील, तर शो-रूमवाल्याने चहा तरी चांगला पाजावा!

तुमच्या लाडक्या यादीकडे वळू. रिमॅपने १३०च्या वर पीएस आणि २२०-२३० एनएम मिळतात असं गॅरेजवाले सांगतात, आणि टर्बो इंजिनात ते अशक्य नाही. प्रश्न तो टॉर्क कोण सहन करणार हा आहे. ६२,००० किलोमीटर वाकड-चाकणच्या ट्रॅफिकमध्ये घासलेला मूळ क्लच १७५ एनएमच्या हिशेबाने बसवलेला आहे. चौथ्या गिअरमध्ये खालून पूर्ण अॅक्सिलरेटर दाबलात आणि आरपीएमचा काटा वर गेला, पण गाडीने वेग घेतला नाही, की समजा क्लच घसरला. म्हणजे ४०,०००च्या रिमॅपमागे क्लचचे ४०,००० लगेच उभे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हवालदार रिमॅप ओळखणार नाही, एक्झॉस्ट मात्र तो दोन चौकांवरून ऐकतो. तरी मला दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. न कळवलेले बदल मोठ्या अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेला पडले, तर कंपनी दावा अडवू शकते किंवा कापू शकते. कुणी ट्रॅक-डेला (रेसिंग ट्रॅकवर गाडी पळवायला) नेत असेल तर हेही वाचून ठेवा : नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षणच नसतं.

कॉइलओव्हरने गाडी खाली बसते, दिसते झकास. चाकणचे खड्डे आणि सोसायटीतले स्पीडब्रेकर मात्र तिथेच राहतात. १७ इंची चाकावर टायरची भिंत बारीक होते, आणि पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा लागला की रिम वाकतो. मग २४,०००चं सस्पेन्शनचं काम पुन्हा काढावं लागतं, त्याच्या जोडीला रिम.

‘मॉडिफाय केलेल्या गाडीला शौकीन गिऱ्हाईक जास्त पैसे देतं,’ असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असणार. असं गिऱ्हाईक असतं, लाखात एक. साडेपाच लाखांची ऑफर देणाऱ्या कंपनीचा माणूस मात्र टॅब घेऊन गाडीभोवती फिरतो तेव्हा त्याच्या लेखी तुमचा डाउनपाइप हा दोष असतो. तीन लाखांतला रुपयाही परत येईल असं धरू नका.

मग ते ३०,००० कुठे? जो भाग झिजून बदलायलाच आलाय, तिथे. टायर घ्यायचेच आहेत, तर याच मापात एक पायरी वरचे घ्या. चार टायरमागे आठ-दहा हजार जास्त जातील. ओल्या रस्त्यावर गाडी कशी वळते आणि थांबते, यात जो फरक पडेल तो कुठल्याही रिमॅपने पडणार नाही. डिस्क-पॅड बदलताना चांगले पॅड आणि नवं ब्रेक फ्लुइड. पुढून ‘खडखड’ येत असेल तर स्ट्रट माउंट, लिंक रॉड, बुश हे सस्पेन्शनचे छोटे भाग एका वेळी बदला. पोलोचं हे जुनंच दुखणं आहे, आणि तुकड्यातुकड्यात केलं तर मजुरी तीनदा पडते. शॉक अॅब्सॉर्बरही गेलेले निघाले तर मूळ उंचीचेच, जरा कडक घ्या. एवढं झालं की ताम्हिणीत पोलो पुन्हा नवीन वाटेल, आणि विमा कंपनीपासून लपवावं असं त्यात काही नसेल. इंजिन ऑइल मात्र १५,००० किलोमीटरची वाट न पाहता १०,०००ला बदला. टर्बो आहे, आणि तुमचं रोजचं चालवणं बंपर-टू-बंपर आहे.

पोलो २०२२ मध्ये बंद झाली, मग सुटे भाग? इंजिनाची चिंता नको, हेच १.० टीएसआय स्कोडाच्या कुशाक, स्लाव्हियात आणि फोक्सवॅगनच्या टायगुन, व्हर्टसमध्ये आहे. सस्पेन्शनचे बरेच भाग व्हेंटो आणि रॅपिडशी जुळतात, त्यांचाही बाजार मोठा आहे. पुढे अडचण येईल ती हेडलॅम्प, बंपर, दरवाजे अशा खास पोलोच्याच वस्तूंची. गाडी कधी सोडायची, याची पहिली खूण तीच : किरकोळ धडकेनंतर एका दिव्यासाठी गाडी महिनाभर गॅरेजात पडून राहिली, तर निरोप घ्या. दुसरी खूण, एका फटक्यात सव्वा लाखावर बिल निघणं. टर्बो किंवा गिअरबॉक्स गेला तर तेवढं होऊ शकतं. अशा वेळी दुरुस्तीत पैसे ओतायचे नाहीत, आहे तशी विकायची.

आता बायकोचा मुद्दा. गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या २०१४च्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले होते, दोन एअरबॅगवालीला चार. तुमच्या गाडीत त्या दोन आहेत, त्यामुळे ती काही पत्र्याचा डबा नाही. पण ती चाचणी समोरच्या धडकेची होती. २०२२ पासून निकष कडक झाले, बाजूची धडकही त्यात आली. त्या निकषांवर २०२३ मध्ये व्हर्टसला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच-पाच तारे मिळाले. हा फरक खरा आहे, आणि आकडेमोड करून तो मी पुसणार नाही. तुम्हा दोघांचं या एका कारणासाठी एकमत झालं, तर चार वर्षं थांबा असा हट्ट मी धरणार नाही. आधी निधी भरा आणि दीड-दोन वर्षांनी बदला. त्यासाठी १६ लाखच लागतात असंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झालाय. व्हर्टस साडेचार मीटरची असल्याने ४० टक्क्यांत मोडते. महाराष्ट्रातला रोड टॅक्सही पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२. ह्युंदाई आय२० एन लाइन बघून या : ९९८ सीसी टर्बो, १२० पीएस, सहा एअरबॅग, चार मीटरच्या आत. तुमचा पाय आणि तिचा जीव, दोन्ही शांत राहतील.

तोवर एक गोष्ट उद्याच करा. मुलीसाठी चांगली चाइल्ड सीट घ्या, १२,०००च्या आसपास, आणि पाच मिनिटांच्या फेरीलाही तिला त्यातच बसवा. मांडीवर बसलेल्या मुलाला सहा एअरबॅगची गाडीही वाचवू शकत नाही.

बोनस असा लावा : गाडीचं काम ७५,०००, चाइल्ड सीट १२,०००, हौस ३०,०००. उरलेले २,०३,००० बचतीतल्या दीड लाखाला जोडून वेगळ्या मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात. साडेतीन लाख झाले, म्हणजे चार महिन्यांचा खर्च आणि वर थोडं. दरमहा उरणाऱ्या २३,०००मधले ८,००० याच निधीत टाका, सहा महिन्यांचा खर्च जमेपर्यंत. उरलेल्या १५,०००ची आवर्ती ठेव पुढच्या गाडीच्या नावाने. साडेसहा टक्क्यांनी चार वर्षांत सव्वाआठ लाखांच्या जरा आत जमतात, व्याजावरचा कर जाऊन आठच्या आसपास. त्यात पोलोचे तीन लाख घाला. अकरा लाख हातात असतील तर पुढची गाडी जवळपास रोखीने येईल. हे पैसे शेअर बाजारात घालू नका. ज्या वर्षी गाडी बदलायची, नेमका त्याच वर्षी बाजार पडला तर थांबायची तुमची तयारी नसेल.

शेवटी विमा. पाच वर्षांत क्लेम घेतला नसेल तर तुमचा नो-क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर आला असणार. तो ओन-डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) नाही. बंपरच्या सात-आठ हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करून तो घालवू नका. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता; हप्ता हजारभराने कमी दिसावा म्हणून एजंट ती चार लाखांवर आणेल, ऐकू नका, बाजारभावाच्या जवळ ठेवा. आणि पोलो विकाल त्या दिवशी विमा कंपनीकडून एनसीबीचं प्रमाणपत्र मागून घ्या. हा बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीवर तो लावून मिळतो, आणि नव्या गाडीचा ओन-डॅमेज हप्ता पहिल्याच वर्षी निम्मा होतो. नवी पॉलिसी शो-रूममध्ये काढलीत तरी हे प्रमाणपत्र आधी त्यांच्या टेबलावर ठेवा, कारण ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.